कंपनीमार्फत अमेरिकेचं ग्रीन कार्ड: पर्मपासून आय-४८५ पर्यंत

कोकणकडा

एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहात आणि कंपनी ग्रीन कार्ड करायला तयार आहे, अशांसाठी हा धागा. हे प्रश्न इतर धाग्यांवर सुटे सुटे येतात आणि उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून सगळं एका जागी आणू. बोलायचं ते ईबी-२ आणि ईबी-३, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाबद्दल. कुटुंबामार्फत किंवा गुंतवणुकीतून मिळणाऱ्या कार्डाची चर्चा इथे नको.

एक गोष्ट आधी पक्की धरून चला. पर्म (पदाला पात्र अमेरिकन मिळत नसल्याचं कामगार खात्याचं प्रमाणन) कंपनी भरते, आय-१४० (तुमच्यासाठी ग्रीन कार्ड मागणारा कंपनीचा अर्ज) कंपनी भरते आणि वकीलही बहुतेक वेळा कंपनीचाच असतो. या सगळ्यातून तुमच्या हक्काचं होतं ते फक्त प्रायॉरिटी डेट (पीडी), म्हणजे रांगेतली तुमची तारीख. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती तुमची पीडी, आणि आय-१४० मंजूर झालं की ती पुढच्या कंपनीतही तुमच्याबरोबर येते. त्यामुळे पर्म लवकरात लवकर दाखल व्हावं आणि आय-१४० निर्विघ्न मंजूर व्हावं, याच दोन गोष्टींसाठी जीव तोडायचा.

पहिला टप्पा प्रचलित वेतनाचा. कंपनी कामगार खात्याच्या फ्लॅग पोर्टलवर फॉर्म ९१४१ भरते आणि त्या पदाला त्या भागात किमान किती पगार हवा ते खातं ठरवून देतं. यात साधारण पाच-सहा महिने जातात. हे वेतन लागू असण्याची मुदत कमीत कमी ९० दिवस, जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि त्या मुदतीत एकतर भरती सुरू व्हायला हवी, नाहीतर पर्म दाखल व्हायला हवं.

मग जाहिराती. पदवी लागणाऱ्या पदासाठी दोन वेगवेगळ्या रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवसांची जॉब ऑर्डर आणि शिवाय दहांच्या यादीतले कुठलेही तीन मार्ग: कंपनीची वेबसाइट, नोकरीची वेबसाइट, जॉब फेअर, कॉलेजचं प्लेसमेंट ऑफिस, स्थानिक पेपर वगैरे. कंपनीच्या आवारात कामाचे सलग दहा दिवस नोटीसही लावावी लागते. पहिल्या जाहिरातीपासून १८० दिवसांच्या आत पर्म जायला हवं आणि शेवटची सक्तीची जाहिरात संपून ३० दिवस उलटल्याशिवाय भरता येत नाही. तीन जादा मार्गांपैकी एकच त्या शेवटच्या ३० दिवसांत चालतो.

पात्र आणि इच्छुक अमेरिकन उमेदवार मिळाला तर ते पर्म तिथेच थांबतं. मिळाला नाही तर पर्मचा अर्ज, फॉर्म ९०८९, दाखल होतो. निकालाला २०२५ मध्ये वर्षाच्या वर लागत होतं. मंजुरीनंतर १८० दिवसांत आय-१४० भरलं नाही तर ते पर्म बाद होतं आणि पीडीही जाते.

अंजनवेल

उत्तम धागा. खर्चाचं लगेच सांगून ठेवते, कारण तिथे लोकांची सर्रास फसवणूक होते.

पर्मचा सगळा खर्च, म्हणजे वकिलाची फी आणि जाहिराती, कंपनीनेच करायचा. जुलै २००७ पासून तसा नियम आहे. पगारातून कापून घेणं, "नंतर परत देऊ" म्हणून आधी भरायला लावणं, नोकरी सोडल्यास पर्मचे पैसे वसूल करण्याचा करार करणं, यातलं काहीही चालत नाही. आय-१४० ची मूळ फी आणि त्यापुढच्या फिया कर्मचाऱ्याने भरल्या तरी नियमाआड येत नाही. अपवाद एकच: आय-१४० बरोबरची असायलम प्रोग्रॅम फी कंपनीचीच. १ एप्रिल २०२४ पासून आय-१४० ला ७१५ डॉलर आणि असायलम फी ६०० डॉलर आहे. २५ किंवा त्याहून कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपनीला ३००, ना-नफा संस्थेला शून्य.

रानवाट

> पात्र आणि इच्छुक अमेरिकन उमेदवार मिळाला तर ते पर्म तिथेच थांबतं.

मोठ्या कंपन्या हल्ली पर्मला हात का आखडतात तेही इथे नोंदवतो. मागच्या सहा महिन्यांत त्याच भागात, त्याच किंवा त्याच्याशी संबंधित कामातले लोक काढले असतील, तर त्यांना कळवून त्यांचा विचार केल्याचं कंपनीला दाखवावं लागतं. म्हणून नोकरकपात झाली की पर्म विभाग महिनोन् महिने बंद ठेवतात.

दुसरं कारण न्याय खात्याचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकबरोबर १.४२५ कोटी डॉलरपर्यंतची आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅपलबरोबर २.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. पर्मच्या जागा नेहमीच्या भरतीसारख्या जाहीर न करणं, अर्ज टपालानेच मागवणं, असे आक्षेप होते. तेव्हापासून वकील भरतीचा कागद न् कागद तपासतात. व्यवस्थापकाला "माझं पर्म का अडलंय" विचारण्यापेक्षा "प्रचलित वेतनाचा अर्ज कोणत्या तारखेला गेला" असं विचारा. तारीख सांगता आली नाही तर काम सुरूच झालेलं नाही असं समजा.

मुळाकाठ

ईबी-२ की ईबी-३ हे तुमच्या पदवीवर ठरतं असा समज फार पसरला आहे. ते पदाच्या अटींवर ठरतं. पदाला मास्टर्स, किंवा बॅचलर्स अधिक पाच वर्षांचा चढता अनुभव लागतो असं पर्ममध्ये लिहिलं असेल तर ईबी-२. पद फक्त बॅचलर्स मागत असेल तर पीएचडीवाल्यालाही ईबी-३.

आपल्याकडच्या पदव्यांची अडचण इथे येते. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम अमेरिकेच्या चार वर्षांच्या बॅचलर्सइतकी धरत नाहीत. ईबी-२ च्या "बॅचलर्स अधिक पाच"साठी एकच, सलग, चार वर्षांच्या तोडीची पदवी लागते. बीएस्सीला एखादा पदव्युत्तर डिप्लोमा जोडून तिथे भागत नाही. अशांना ईबी-३ मधल्या कुशल कामगार गटाचा रस्ता असतो, पण पर्ममध्ये "शिक्षण व अनुभव यांचा समतुल्य मेळ चालेल" असं आधीपासून लिहिलेलं असलं तरच. दाखल झालेलं पर्म नंतर सुधारता येत नाही.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बीई केलेल्यांनी पदवी-मूल्यांकनाच्या अहवालात दहावी, मग तीन, मग तीन असा हिशेब उलगडून लिहून घ्यावा. डिप्लोम्याच्या गुणपत्रिकाही जोडाव्यात. नाहीतर अधिकाऱ्याला बीईची तीनच वर्षं दिसतात आणि आरएफई (जादा पुराव्याची मागणी) येते.

केवडा

अनुभव-पत्रांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

१. पर्ममध्ये मागितलेलं शिक्षण, अनुभव आणि प्रत्येक कौशल्य पीडीच्या दिवशी तुमच्याकडे असायला हवं. नंतर मिळवलेलं मोजत नाहीत.

२. याच कंपनीत मिळवलेला अनुभव सहसा चालत नाही. आधीचं पद आताच्या पदापेक्षा खरोखर वेगळं, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ वेगळं काम, असं सिद्ध करता आलं तरच चालतो.

३. पत्र लेटरहेडवर, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासह. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, पदनाव, कामाचं वर्णन आणि वापरलेलं तंत्रज्ञान नावानिशी.

भारतातल्या बहुतेक कंपन्यांचं रिलीव्हिंग लेटर दोन ओळींचं असतं. त्यात तारखा मिळतात, काम मिळत नाही. पर्ममध्ये समजा "ओरॅकल डेटाबेसचा दोन वर्षांचा अनुभव" लिहिलं असेल, तर ओरॅकल हा शब्द आणि दोन वर्षं भरतील इतका काळ पत्रात दिसायला हवा. जुन्या कंपनीचा एचआर असं पत्र देत नसेल तर तेव्हाच्या वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं शपथपत्र घ्यावं आणि सोबत रिलीव्हिंग लेटर, पगारपत्रकं, फॉर्म १६ लावावेत. शपथपत्र देणारा त्या काळात तिथे होता याचा त्याचा स्वतःचा पुरावाही जोडावा.

ही पत्रं पर्मच्या मसुद्याआधी हातात हवीत. पत्रात जे सिद्ध होतं तेच अटींमध्ये लिहायचं. आधी अटी लिहून मग पत्रं शोधत बसलं की प्रकरण हमखास अडकतं.

रानवाट

केवडा, तुमचा दुसरा मुद्दा सोन्यासारखा आहे. हाच नियम ठाऊक नसल्यामुळे लोक "आधी दोन वर्षं इथे काढतो, अनुभव वाढला की ईबी-२ मध्ये भरू" म्हणत थांबतात आणि तेवढी पीडी मागे पडते.

पाऊसपाणी

आय-१४० च्या टप्प्यावर कंपनी काय काय दाखवते? आमची कंपनी लहान आहे, चाळीसेक लोक. प्रीमियम (जादा फी भरून जलद निकाल) केलं तर काम होतं का?

कोकणकडा

पाऊसपाणी, प्रीमियममध्ये १५ कामकाजी दिवसांत उत्तर येतं. पण ते उत्तर आरएफईही असू शकतं.

लहान कंपनीची खरी परीक्षा असते पगार देण्याच्या क्षमतेची. पर्ममध्ये लिहिलेला पगार पीडीपासून ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत देण्याची ऐपत आहे हे दाखवायचं असतं. तीन रीती आहेत. कंपनी तुम्हाला तेवढा पगार आधीच देते आहे, किंवा तिचा निव्वळ नफा त्याहून जास्त आहे, किंवा निव्वळ चालू मालमत्ता त्याहून जास्त आहे. पुरावा म्हणून टॅक्स रिटर्न, वार्षिक अहवाल किंवा लेखापरीक्षित ताळेबंद. १०० किंवा अधिक कर्मचारी असतील तर वित्त अधिकाऱ्याचं पत्र चालू शकतं, तुमच्या कंपनीला ती सोय नाही.

उदाहरण घ्या. पर्मचा पगार १,१०,००० डॉलर आणि डब्ल्यू-२ वर (वर्षाच्या पगाराच्या कर-दाखल्यावर) ९८,००० दिसतात. मग उरलेल्या १२,००० इतका तरी नफा किंवा चालू मालमत्ता त्या वर्षी हवी. आणि कंपनीने दहा जणांचे आय-१४० भरले असतील तर दहाही जणांचा फरक एकत्र मोजतात. कर वाचवायला नफा शून्याजवळ दाखवणाऱ्या कन्सल्टन्सी इथेच गळतात.

अंजनवेल

आता रांगेबद्दल. वर्षाला नोकरीवर आधारित साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. ईबी-१, ईबी-२, ईबी-३ प्रत्येकाला २८.६ टक्के. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. दुसऱ्यांचा वाटा न वापरता उरला तर तो जुन्यात जुन्या पीडीला जातो, म्हणून भारताला कधी सात टक्क्यांहून जास्त मिळतात.

व्हिसा बुलेटिन म्हणजे रांगेच्या तारखांचं मासिक पत्रक; त्यातल्या तारखेआधीची पीडी असेल त्यालाच कार्ड मिळतं. सप्टेंबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारताची अंतिम तारीख ईबी-२ साठी १ जानेवारी २०१३ आणि ईबी-३ साठी २२ मे २०१३ होती. म्हणजे बारा वर्षांहून जुनी. आणि ती पुढेच सरकत राहील असं नाही. कोविडनंतर कौटुंबिक कोट्यातले नंबर इकडे वळल्यामुळे २०२२ च्या उन्हाळ्यात ईबी-२ डिसेंबर २०१४ पर्यंत आली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये एप्रिल २०१२ वर मागे गेली. आज पर्म भरणाऱ्याला या वेगावरून स्वतःची तारीख काढता येणार नाही. जो कोणी अमुक वर्षी मिळेल असं छातीठोक सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात: अंतिम कारवाईचा आणि अर्ज दाखल करण्याचा. कोणता लागू ते यूएससीआयएस (अमेरिकेचं नागरिकत्व व स्थलांतर खातं) दर महिन्याला जाहीर करतं. फक्त बुलेटिन वाचून उड्या मारू नका, ती घोषणाही पाहा.

मुळाकाठ

रांग जन्माच्या देशावरून ठरते, पासपोर्टवरून नाही. गोव्यातल्या बऱ्याच जणांकडे पोर्तुगालचा पासपोर्ट असतो, पण जन्म मडगावचा असेल तर रांग भारताचीच. उलट आई-वडील मराठी, शिक्षण पुण्यात, पासपोर्ट भारतीय, पण जन्म मस्कत किंवा दुबईतला असेल तर ओमान किंवा अमिरातीची रांग लागते. जोडीदाराच्या जन्मदेशाची रांगही वापरता येते, मग दोघांचा अर्ज एकत्र जातो. लग्न झालेल्यांनी वकिलाला हे पहिल्याच बैठकीत सांगा. वकील आपणहून विचारेलच असं नाही.

केवडा

ईबी-२ मधून ईबी-३ मध्ये खाली उतरण्याचं काय? ऑक्टोबर २०२० मध्ये खूप जणांनी केलं होतं.

अंजनवेल

तेव्हा अर्ज दाखल करण्याच्या तक्त्यात ईबी-३ एकदम जानेवारी २०१५ वर गेली होती आणि ईबी-२ मे २०११ वर होती, म्हणून ती झुंबड. त्याच पर्मवर दुसरं आय-१४० ईबी-३ मध्ये भरता येतं, पहिलं वेळेत भरलेलं असलं की पुरे. पीडी तीच राहते आणि दोन्ही आय-१४० जिवंत ठेवता येतात. मात्र कंपनीची पगार देण्याची क्षमता नव्याने तपासली जाते. एखाद-दोन महिन्यांच्या फरकासाठी हा खटाटोप करू नये असं माझं मत. दोन गटांच्या तारखांत वर्षभराचं अंतर पडलं तर विचार करावा.

पाऊसपाणी

नोकरी बदलायची तर नेमकी कधी?

कोकणकडा

पर्म प्रलंबित असताना बदलली तर सगळं शून्यावर. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस व्हायच्या आत कंपनीने ते मागे घेतलं तर पीडी टिकते, पण त्या आय-१४० च्या जोरावर एच-१बीची मुदतवाढ मागता येत नाही. १८० दिवसांनंतर कंपनीने मागे घेतलं तरी मुदतवाढीसाठी ते ग्राह्य राहतं. हा नियम जानेवारी २०१७ चा. फसवणूक, मोठी चूक किंवा पर्मच रद्द होणं, अशा कारणांनी आय-१४० गेलं तर मात्र पीडीही जाते.

नव्या कंपनीत पर्म आणि आय-१४० पुन्हा करावं लागतं, पीडी जुनी लागते. आय-४८५ (रांगेत तारीख आल्यावर आपण स्वतः भरायचा ग्रीन कार्डाचा अर्ज) दाखल होऊन १८० दिवस झाले की मग पुन्हा पर्म नको. नवं काम जुन्यासारखं किंवा त्याच प्रकारचं असल्याचं 'सप्लिमेंट जे' हा जोडफॉर्म भरून दाखवायचं.

एच-१बीच्या सहा वर्षांचंही गणित यात आहे. आय-१४० मंजूर आणि तारीख आलेली नाही, तर तीन-तीन वर्षांची वाढ. आय-१४० नाही पण पर्म दाखल होऊन ३६५ दिवस झाले, तर एकेक वर्षाची. म्हणजे पाचवं वर्ष संपायच्या आत पर्म जायलाच हवं, आणि त्याआधी वेतन व जाहिरातींचे आठ-नऊ महिने धरले तर चौथं वर्ष संपतानाच काम सुरू व्हायला हवं. कंपनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणाली तर हे गणित कागदावर मांडून दाखवा.

आणि आय-१४० च्या मंजुरीची प्रत, फॉर्म ९०८९ ची प्रत, निदान पावती क्रमांक तरी मागून ठेवा. नोकरी गेल्यावर कंपनी उत्तर देत नाही आणि देशात राहून दुसरी सोय लावायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात.

सांजवारा

मुलांच्या वयाबद्दल कोणीतरी नीट सांगा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे पालक इथे बरेच असतील.

अंजनवेल

२१ पूर्ण झाली की मूल अर्जातून गळतं. सीएसपीए या मुलांच्या वयाला संरक्षण देणाऱ्या कायद्याने थोडा दिलासा आहे. व्हिसा नंबर उपलब्ध होईल त्या दिवशीचं वय घ्यायचं आणि त्यातून आय-१४० प्रलंबित होतं तेवढा काळ वजा करायचा. वय २१ वर्षं ८ महिने आणि आय-१४० दहा महिने प्रलंबित, तर सीएसपीए वय २० वर्षं १० महिने. ग्रीन कार्डाचा अर्ज नंबर उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायला हवा. पर्मचा काळ वजा होत नाही.

इथे एक मेख आहे. प्रीमियममध्ये आय-१४० पंधरा दिवसांत मंजूर झालं तर वजा होणार फक्त पंधरा दिवस. मूल मोठं असेल आणि एच-१बीची घाई नसेल तर साध्या प्रक्रियेचा विचार वकिलाशी जरूर करा.

शिवाय १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना वय मोजताना अंतिम कारवाईचा तक्ता लागतो. फेब्रुवारी २०२३ पासून दाखल करण्याचा तक्ता चालत होता, ती सवलत गेली. त्यामुळे आय-४८५ भरता आलं तरी मुलाचं वय गोठलं असं धरू नका.

केवडा

आय-४८५ च्या कागदांचं लिहिते. महाराष्ट्रातल्या लोकांना अडवणारे तेच तेच तीन मुद्दे आहेत.

जन्मदाखला. जुन्या दाखल्यात बाळाचं नाव नसतं, फक्त आई-वडिलांची नावं आणि लिंग. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव समाविष्ट करून घ्यावं. त्याला पंधरा वर्षांची अट आहे, पण महाराष्ट्रात ती मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून कार्यालयात विचारल्याशिवाय आशा सोडू नका. नोंदच नसेल तर नमुना १० मधला अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची शपथपत्रं. आई, वडील, मावशी, काका चालतात. शपथपत्रात त्यांची स्वतःची जन्मतारीख, नातं आणि जन्म कुठे झाला हे त्यांना कसं माहीत, ते यायला हवं. आता चाळिशीत काढलेला विलंबित दाखला एकटा पुरत नाही, त्यालाही हे जोडा.

नावं. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर ती, आणि "या सर्व नावांची व्यक्ती एकच" असं शपथपत्र. फॉर्मवर "वापरलेली इतर नावं" असा रकाना आहे, तिथे सगळी नावं स्पेलिंगच्या फरकांसह लिहा. आई-वडिलांची नावंही सगळ्या कागदांवर जुळतात का ते पाहा. "बाळू" आणि "बाळकृष्ण" हा फरक घरच्यांना कळतो, अधिकाऱ्याला नाही.

भाषांतर. मराठी दाखल्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, खालचे शिक्के आणि शेरे धरून. भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचं आणि दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराने सहीनिशी लिहायचं. नोटरीची गरज नाही.

रानवाट

यात वैद्यकीय तपासणीची भर घालतो. २ डिसेंबर २०२४ पासून तपासणीचा फॉर्म आय-६९३ हा आय-४८५ बरोबरच द्यावा लागतो, आधीसारखा मागाहून नाही. यूएससीआयएसने नेमलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्यायचा आणि बंद लिफाफा फोडायचा नाही. लसीकरणाचं जुनं कार्ड मिळत नसेल तर रक्ताची चाचणी करून काही लसींचा पुरावा होतो, त्यामुळे तारीख जवळ आली की आधीच वेळ घ्या.

सांजवारा

आय-४८५ भरल्यावर एच-१बी सोडून ईएडीवर (त्या अर्जावर मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) काम करावं का?

कोकणकडा

जमेल तितके दिवस एच-१बी सोडू नका. आय-४८५ नाकारलं गेलं तर एच-१बीवाल्याच्या पायाखाली जमीन राहते, फक्त ईएडीवर असलेल्याच्या नाही. एच-१बी किंवा एल-१चा (कंपनीअंतर्गत बदलीचा), अथवा त्यांच्या जोडीदार-मुलांना मिळणारा एच-४ किंवा एल-२चा वैध व्हिसा असेल तर एपीशिवाय (परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय) भारतात जाऊन येता येतं. बाकीच्यांनी एपी हातात नसताना देश सोडला तर आय-४८५ सोडून दिलं असं धरतात.

ईएडीचं वेळापत्रकही बदललंय. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाला आपोआप ५४० दिवसांची वाढ मिळत नाही. ५ डिसेंबर २०२५ पासून आय-४८५ वरच्या ईएडीची मुदतही पाच वर्षांऐवजी जास्तीत जास्त १८ महिने झाली. आपोआप वाढ बंद झाल्याचा फटका एच-४ ईएडीवरच्या जोडीदारांनाही आहे. मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्ज भरता येतो. त्या पहिल्या दिवशीच भरा. कार्ड वेळेत आलं नाही तर काम थांबवावं लागतं, मग कंपनी कितीही चांगली असो.

पाऊसपाणी

सगळ्यांचे आभार. वकिलाला विचारायचे प्रश्न मिळाले: वेतनाच्या अर्जाची तारीख, पर्मच्या अटींचा मसुदा पत्रांशी ताडून पाहणं, आणि गेल्या दोन वर्षांचा कंपनीचा निव्वळ नफा.

मुळाकाठ

त्यात कामाचं ठिकाणही घाला. पर्म एका भागापुरतं असतं. ऑफिस दुसऱ्या शहरात गेलं, किंवा घरून काम म्हणून तुम्ही दुसऱ्या राज्यात राहायला गेलात, तर रोज ये-जा करण्याच्या अंतराबाहेर ते पर्म चालत नाही. घरून काम करायची मुभा पुढे राहणार असेल तर ती जाहिरातीत आणि फॉर्ममध्ये आधीच लिहून घ्या.